गौताळ्याच्या वेशीवर एक तळ

छत्रपती संभाजीनगरात कुणी ‘मी छावणीत राहतो’ म्हणालं तर त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. इथे छावणी हा पत्त्याचा भाग आहे, लष्करी ठाण्याच्या आधाराने वाढलेली वस्ती. शहर सोडून बीडच्या रस्त्याला लागलं की त्याच शब्दाला वेगळा वास येतो. २०१३ आणि २०१९ च्या दुष्काळांत छावणी म्हणजे दावणीला बांधलेली जनावरं, चाऱ्याचे भारे आणि गुरांशेजारीच खाट टाकून झोपलेला शेतकरी. बाबा आमटे यांनी १९६७ पासून सोमनाथला तरुणांसाठी भरवली ती श्रमसंस्कार छावणी. सैन्यासाठी, गुरांसाठी आणि श्रमासाठी आपण छावण्या टाकल्या. पण घरातली चार-पाच माणसं जंगलाच्या कडेला दोन रात्री राहुटीत काढणार, तेही निव्वळ हौसेने, याला मराठीत अजून ‘कॅम्पिंग’ हाच उसना शब्द आहे. शब्द उसना आहे कारण मागची व्यवस्थाच आपण कधी उभी केली नाही. आवळीभोजन असो, येळवस असो की हुरडा, आपलं रानातलं सगळं सुख दिवसाउजेडीचं; दिवेलागणीला माणसं घरी. दुसऱ्या टोकाला अलीकडचे ‘लक्झरी टेंट’ आहेत. तिथे आत पलंग, वातानुकूलन आणि टाइल्सची न्हाणी असते, म्हणजे कापडी भिंतींचं हॉटेलच. या दोन टोकांच्या मधली, साध्या कुटुंबाला परवडणारी आणि वनखात्याच्या नजरेखालची मुक्कामाची जागा मराठवाड्यात जवळपास नाही. ती असावी असं मला वाटतं. मौजेसाठी तर असावीच, पण जंगल राखण्यासाठी ती अधिक लागेल.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात किंवा न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ही व्यवस्था चांगली ठाऊक असते. तिथे राज्य सरकारांची उद्यानं आहेत आणि त्यांतल्या बहुतेक मोठ्या उद्यानांत झाडीखाली मुक्कामाचे तळ आखलेले आहेत. आपण तिकडचा तंबू पाहतो आणि तंबूलाच कॅम्पिंग समजतो. खरं तर त्या सगळ्या मामल्यात तंबू सर्वांत किरकोळ. प्रत्येक कुटुंबाला क्रमांक असलेली एक जागा मिळते. तिथे गाडी उभी करायला एक आखूड रस्ता, एक जड लाकडी टेबल आणि आग पेटवायला जमिनीत रोवलेलं लोखंडी कडं असतं. थोड्या अंतरावर नळ आणि संडास. अस्वलांचा वावर असेल तिथे अन्न ठेवायला लोखंडी पेटीही असते. कॅलिफोर्नियाच्या उद्यानांत एका जागेवर साधारणपणे आठ माणसांची मर्यादा आहे, नोंदणी सहा महिने आधीपासून करता येते आणि रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळावी लागते. पडलेली लाकडंही उचलायची नाहीत; सरपण तळावर विकत घ्यायचं. कारण कुजणारं लाकूड हे मातीचं आणि किड्यामुंग्यांचं अन्न आहे. मुक्काम करून आलेल्यांच्या तक्रारी ऐकल्या तर त्या जंगलाबद्दल फारशा नसतात. शेजारच्यांचा गोंगाट, दोन जागांमधलं अपुरं अंतर, संडासाची अवस्था, बंदी असूनही चालू असलेला जनरेटर, असाच सूर असतो. जिथे हे नीट सांभाळलं जातं, तिथली सावली आणि शांतता माणसं वर्षानुवर्षं आठवतात. मुक्काम सुखाचा झाला की नाही, ते वाघ-अस्वलापेक्षा आखणीवर अधिक ठरतं.

ही आखणी कुठून आली, याची हकिगत आपल्या कामाची आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेत मोटारगाड्या स्वस्त झाल्या आणि माणसं गाडी घेऊन थेट रेडवूडच्या वृक्षांखाली जाऊन थांबू लागली. जिथे मन रमेल तिथे गाडी, तिथेच चूल. काही वर्षांत त्या तळांवरची झाडी रोडावू लागली. एमिलिओ मायनेके हे तिथल्या वनसेवेतले वृक्षरोगतज्ज्ञ. झाडांचे रोग शोधणं हा त्यांचा धंदा, पण इथे त्यांना दोष सापडला तो जमिनीत. चाकांनी आणि पावलांनी माती इतकी दबली होती की मुळांना हवा-पाणी मिळेनासं झालं होतं. झाडावर कुऱ्हाड न लावताही माणूस झाड मारू शकतो, ते असं. मायनेके यांनी १९३२ च्या सुमाराला त्यावर जो उपाय मांडला, त्यात माणसांना हाकलून देणं नव्हतं. एकेरी वळणाचा रस्ता, त्याला फुटलेले आखूड फाटे, गाडी पुढे जाऊ नये म्हणून दगड किंवा ओंडके, आणि टेबल व चूल कायमची एका जागी रोवलेली. माणूस टेबलाभोवती वावरतो, म्हणून टेबल हलू द्यायचं नाही. मग पावलं तेवढ्याच वर्तुळात पडतात. पुढच्याच वर्षी, १९३३ मध्ये, महामंदीतल्या बेकार तरुणांसाठी सरकारी वनदल उभं राहिलं. १९४२ पर्यंत त्यात तीस लाखांच्या आसपास तरुण काम करून गेले आणि शेकडो उद्यानांत त्यांच्या हातून असे तळ घडले. पुढे डेव्हिड कोल यांच्यासारख्या संशोधकांनी मोजमापं घेऊन दाखवलं की एखाद्या कोऱ्या जागेवरच्या हिरवळीचं बहुतेक नुकसान पहिल्या थोड्याच रात्रींत होतं. त्यानंतर त्याच जागी कितीही मुक्काम झाले तरी भर हळूहळूच पडते. म्हणून शंभर कुटुंबं शंभर नव्या जागी उतरली तर शंभर ठिकाणची माती दबेल, तीच पाळीपाळीने दहा ठरलेल्या जागी उतरली तर दहाच.

हे परदेशी शहाणपण वाटत असेल तर कन्नडजवळच्या गौताळा अभयारण्याच्या डोंगरात यावं. अभयारण्याच्या हद्दीतली पितळखोऱ्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून कोरली जाऊ लागली. प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, गंधी कुळातल्या दात्याचं नाव तिथल्या शिलालेखात आहे. ही लेणी म्हणजे मुळात भिक्खूंच्या मुक्कामाची जागा: झोपायला खोल्या आणि पिण्यासाठी कातळात खोदलेल्या पाण्याच्या पोढी, म्हणजे टाकी. फिरतं राहणं हा ज्यांचा धर्म, त्यांनी एका जागी का थांबावं? याचं कारण बौद्ध संघाच्या नियमग्रंथांतच सांगितलं आहे. पावसाळ्यात भिक्खू हिंडतात तेव्हा कोवळं गवत आणि बारीक जीव त्यांच्या पायांखाली तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार आली. त्यावर पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी वर्षावास करण्याचा नियम झाला. मायनेकेंचं टेबल आणि भिक्खूंचा वर्षावास यांच्यामध्ये दोन हजारांवर वर्षं आहेत, तरी दोन्हीकडची चिंता पायाखालच्या गवताचीच. रानात वावरणाऱ्याला एक ठरलेली जागा दिली की बाकीचं रान मोकळं राहतं, ही कल्पना या डोंगराला नवी नाही.

आता आजचा गौताळा पाहू. १९८६ मध्ये घोषित झालेलं गौताळा औट्रमघाट अभयारण्य कन्नड आणि चाळीसगाव तालुक्यांत मिळून सुमारे २६० चौरस किलोमीटर पसरलं आहे. अंजन, धावडा, सालई, खैर, पळस, मोह असं पानगळीचं रान. बिबट्या, अस्वल, नीलगाय, चिंकारा ही तिथली रहिवासी मंडळी. २०२१ मध्ये इथल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये वाघही दिसला, यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरकडून शेकडो किलोमीटर चालत आलेला. पावसाळ्यात केदारकुंड आणि धवलतीर्थाचे धबधबे पाहायला शहरातून गाड्यांची रीघ लागते, पलीकडच्या उतारावर पाटणादेवीला भाविकांची गर्दी असते. एवढं सगळं आहे, पण सायंकाळनंतर सामान्य कुटुंबाला थांबायला फारशी जागा नाही. अभयारण्यात परवान्याशिवाय प्रवेश नाही, जंगलाला धोका होईल अशी आग पेटवायला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३० व्या कलमाने बंदी आहे, आणि ते योग्यच आहे. प्रश्न असा की फाटक बंद झालं म्हणून राहण्याची हौस बंद होते का. पवना धरणाच्या काठी खासगी शेतांत उगवलेल्या तंबूंच्या रांगा आणि त्यांच्यासोबत आलेले ध्वनिवर्धक याचं उत्तर देतात. भंडारदऱ्यात काजव्यांच्या दिवसांत शेकडो गाड्यांचे दिवे काजव्यांवरच पडू लागले, तेव्हा वनखात्याला वेळेचे आणि प्रवेशाचे नियम करावे लागले. मागणी आधी आली आणि व्यवस्था मागून, म्हणून दोन्हीकडे आधी नासधूस झाली. गौताळ्याला ही घाई अजून लागलेली नाही, आणि आखणीला हाच काळ बरा. आखणीसाठी अभयारण्याचा गाभा मुळीच नको. व्यापारी लॉज-हॉटेलं आत बांधायला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची पूर्वसंमती लागते, आणि ती मागण्याची वेळही येऊ नये. हद्दीबाहेर, वेशीवरच्या गावाच्या गायरानाला किंवा आधीच तुडवल्या गेलेल्या माळाला लागून दहा जागांचा तळ पुरे.

पहिला आक्षेप जिवाच्या भीतीचा येणार, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात मार्च २०१८ मध्ये वणव्यात सापडून वीसहून अधिक गिर्यारोहक गेले. जानेवारी २०२१ मध्ये वायनाडला मेप्पाडीजवळ तंबूत उतरलेली पर्यटक हत्तीच्या हल्ल्यात मरण पावली. या घटना दाखवून ‘म्हणूनच बंदी हवी’ असं म्हटलं जातं. पण त्या बारकाईने पाहिल्या तर धडा वेगळा निघतो. कुरंगणीचा गट वणव्याच्या मोसमात, वनखात्याच्या रीतसर परवानगीवाचून त्या उतारांवर होता. वायनाडच्या तंबूंना परवाना नव्हता, हे प्रशासनाने नंतर सांगितलं. ज्या मुक्कामाची कुठे नोंद नाही, त्याला सावध करायला कोण जाणार? उलट आपल्या राज्यातल्या अनेक अभयारण्यांत बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं स्वतः नोंदणी करून नागरिकांना मचाणावर बसवतं, पाणवठ्यावरचे प्राणी पाहायला. म्हणजे रात्र आणि जंगल यांची गाठ घालून देणं खात्याला जमतं. फक्त वर्षातून एकदाच. आणि गौताळ्याचे धोके मोसमावर बसवता येतात. १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत वनखातं वणव्याचा काळ धरतं, तेव्हा तळ बंद. मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये गळतात आणि त्यासाठी अस्वलं पहाटे झाडांखाली येतात, हाही त्याच बंदीतला काळ. पावसाळ्यातही बंद, कारण ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस एका रात्रीच्या पावसाने कन्नडच्या घाटात दरडी कोसळल्या आणि खाली चाळीसगाव परिसरात पूर आला, हे कुणी विसरलेलं नाही. उरतात दसऱ्यानंतरचे चार महिने. थंडीही तेव्हाच आणि हुरडाही तेव्हाच. बिबट्याचं म्हणाल तर तो बहुधा तंबूमागे येत नाही, कुत्र्यामागे येतो, आणि कुत्रं येतं खरकट्यामागे. अन्नाचा कचरा रोजच्या रोज झाकून गावाबाहेर नेला, तर ही साखळी पहिल्याच कडीत तुटते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. बूड शिवलेला, चेनने बंद होणारा तंबू त्या बाबतीत उघड्यावरच्या पथारीपेक्षा कितीतरी बरा.

दुसरा आक्षेप आपण स्वतःवरच घेतो: आपल्या लोकांना शिस्त नाही, ते घाण करणार, दारू पिऊन धिंगाणा घालणार. या वाक्यात थोडं सत्य आणि बराच आळस आहे. महाराष्ट्रातला सर्वांत मोठा फिरता मुक्काम म्हणजे पंढरीची वारी, आणि तिच्या मुक्कामाच्या जागेला आपल्याकडे नेमका शब्दही आहे: पालखीतळ. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानेश्वर माउलींच्या सोहळ्याला दिंड्यांच्या क्रमांची घडी घातली. आजही दिंडीला रथापुढचा किंवा रथामागचा क्रमांक असतो, तो कुणी ओलांडत नाही. माउलींचा तंबू अंकलीच्या शितोळे सरकारांचा. तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदार चोप उंचावतो आणि हजारो टाळ गप्प होतात. फक्त ज्या दिंडीची तक्रार आहे ती टाळ वाजवत राहते, तिचं ऐकून घेतल्यावरच थांबते. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंचा पुकाराही तिथेच होतो. कॅलिफोर्नियाच्या दहाच्या शांततेपेक्षा ही शांतता मला अधिक अवघड वाटते. वारीच्या वाटेवर मागे घाण राहत असे, ही गोष्टही खरीच. पण संडास आणि पाणी पोहोचू लागल्यापासून तीच माणसं वेगळी वागताना दिसतात. बेशिस्तीचा मोठा वाटा गैरसोयीचा असतो. साताऱ्याच्या कास पठाराचं उदाहरण ताजं आहे. २०१२ मध्ये ते जागतिक वारशाचा भाग झालं आणि फुलांवर पाय देऊन फोटो काढणाऱ्यांचे लोंढे आले. तेव्हा दिवसाला तीन हजारांची मर्यादा, आगाऊ नोंदणी आणि आजूबाजूच्या गावांच्या वन व्यवस्थापन समित्यांकडे कारभार, असा मार्ग निघाला. गर्दीचे सगळे प्रश्न त्यामुळे सुटले असं नाही, पण कुणाला किती वाजता आत सोडायचं हे गावातला माणूस ठरवू लागला. दारूबद्दल तर माझं मत अगदी कोरडं आहे. नोंदणीत कुटुंबाची अट ठेवावी, अनामत रक्कम घ्यावी आणि तंबूंच्या हाकेच्या अंतरावर गावचा एक राखणदार मुक्कामाला असावा. अमेरिकेतल्या तळांवर असा राखणदार फुकट जागेच्या बदल्यात स्वेच्छेने राहतो. आपल्याकडे त्याला पगार द्यावा. यात एक बारीक पेच आहे, तो कबूल करायला हवा. कुटुंबाची अट घातली की चार मैत्रिणी मिळून येणार असतील तर त्यांना कोणत्या रकान्यात बसवणार? अट ‘कुटुंब’ या शब्दाची नसावी, ओळखपत्राची आणि माणसांच्या संख्येची असावी. बायकांना असल्या जागी निर्धास्त वाटतं की नाही, ते फलकावरच्या मजकुरापेक्षा संडासाच्या आतल्या कडीवर आणि वाटेवरच्या दिव्यावर अधिक अवलंबून असतं.

पाण्याचा आक्षेप मात्र मराठवाड्यात सर्वांत खरा. वर्षाला जेमतेम सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा छत्रपती संभाजीनगर जिल्हा. जानेवारी उलटला की गावोगाव टँकरची चर्चा सुरू होते. अमेरिकेतल्या कितीतरी तळांवर पाण्याविना चालणारे खड्ड्याचे संडास असतात. आपल्याला पाणी लागतंच, तिथे नक्कल चालणार नाही. पण हिशेब करून पाहावा. दहा जागा, प्रत्येकी पाच माणसं, माणशी वीस-पंचवीस लिटर धरलं, कारण इथे शॉवरखाली उभं राहायला कुणी येत नाही, तर रात्रीला हजार ते साडेबाराशे लिटर होतात. म्हणजे गच्चीवरची एक मोठी टाकी. तेवढंही सगळं पाणी गावाच्या विहिरीतून काढायचं नसेल, तर तळाच्या संडासांच्या पत्र्यावरचा पावसाळा साठवावा. पितळखोऱ्याच्या भिक्खूंनी कातळात टाकी खोदून वेगळं काही केलं नव्हतं. आणि ज्या वर्षी पाऊस रुसेल त्या वर्षी तळ उघडायचाच नाही, हे नियमातच लिहून ठेवावं. असा नियम करणाऱ्या जागेवर गावकरी विश्वास टाकतील. बारमाही चालू राहण्याची सक्ती असलेल्या रिसॉर्टवर त्यांनी तो का टाकावा?

सरपणाचंही तसंच. थंडीच्या रात्री शेकोटी नको म्हटलं तर मुक्कामातला निम्मा जीव जातो, हे मान्य. पण शेकोटी मोजकीच असावी: दगडांनी बांधलेली, सभोवतालचं गवत काढलेली आणि दोन-तीन कुटुंबांत एक. लाकूड बाभळीचं, शेताच्या बांधावरचं, गावाकडून विकत घेतलेलं. स्वयंपाक गॅसच्या छोट्या शेगडीवर. उरलेल्या निखाऱ्यावर पाणी ओतून, राखेत हात घालून ती थंड झाल्याची खात्री करायची, हे पोरांना शिकवण्याजोगं एक काम आहे.

राहिला तो आक्षेप, ज्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. या डोंगराच्या पायथ्याशी धनगरांचे वाडे पडतात. मेंढ्यांचा कळप घेऊन माणसं एका शेतात दोन-चार रात्री बसतात. शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं, धनगराला धान्य किंवा पैसे, आणि मग वाडा पुढच्या शेतात. ठरलेल्या जागेवर, ठरलेल्या मोबदल्यावर झालेला हा मुक्काम आपल्या सगळ्या कॅम्पिंगपेक्षा जुना आहे. त्याच माणसाला अभयारण्यात चराईचे निर्बंध आहेत आणि चुकून मेंढरं आत गेली तर दंड आहे. त्याच्या डोळ्यांदेखत शहरातल्या कुटुंबाला झाडाखाली पावती फाडून जागा मिळणार असेल, तर तो विचारेल की मी इथे झोपलो तर गुन्हा आणि हे झोपले तर पर्यटन कसं? तळाचं उत्पन्न गावच्या समितीला मिळालं, राखणदारी त्याच्या पोराला मिळाली, तर प्रश्नाची धार थोडी बोथट होईल. प्रश्न मिटणार नाही. निदान तळाची जागा ठरवायला अधिकारी नकाशा घेऊन बसतील, तेव्हा वाडे कुठल्या वाटेने जातात आणि कोणत्या पाणवठ्यावर थांबतात, हे आधी त्या नकाशावर उतरलेलं असावं, आणि एकही जागा त्या वाटेवर येऊ नये.